आईचा वाचायचा चष्मा अचानक सुटला! गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांची काळजी कशी घेता?

ओहोटी
नमस्कार मंडळी. आई-बाबा राजापूर तालुक्यात गावी असतात, आई ७२ची आणि बाबा ७८चे. मे महिन्यात घरी गेले तर आई चष्मा न लावता पोथी वाचत होती. चाळिशीपासून तिला वाचायला चष्मा लागायचा, आता म्हणते गरजच नाही. आळीतल्या बायका म्हणतात, पुण्याई हो तुमची. तीही खूश आहे. पण खालून पाखाडीच्या पायऱ्यांवरून कोण चढून येतंय ते तिला आवाज ऐकल्याशिवाय ओळखत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

बाबांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. डोळे शेवटचे कधी तपासले ते दोघांनाही आठवत नाही. 'मला सगळं दिसतंय' हे बाबांचं ठरलेलं उत्तर. डोळ्यांचा दवाखाना एसटीने दीड तासावर. तिथे जाऊन नेमकं काय तपासून घ्यायचं? किती वर्षांनी? आणि घरच्या घरी आपण काय लक्ष ठेवू शकतो? तुमचे अनुभव लिहा.

कोकम_आगळ
आमच्या आजोबांचाही चष्मा ऐंशीच्या आसपास असाच सुटला होता. सकाळी पडवीत बसून बारीक अक्षरातला पेपर वाचायचे. घरात सगळे म्हणायचे, शेवग्याचा पाला आणि रोजची मासळी, त्याचा हा गुण. आईंचं अभिनंदन!

निवळी
ओहोटीताई, आईंना लवकर दाखवून आणा. घाबरण्यासारखं काही नाही, पण हे नजर सुधारल्याचं लक्षण नव्हे. वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मध्यभागी घट्ट आणि पिवळट होत जातं. घट्ट झालं की त्याची ताकद वाढते, माणसाला मायनस नंबर येतो. मग जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं आणि लांबचं बिघडतं. मोतीबिंदूच्या एका प्रकाराची सुरुवात अशी होते. पुढे जवळचंही पुसट होतं. मी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत डोळे तपासायचं काम करते. 'चष्मा सुटला' असं आनंदाने सांगणारी आजी-आजोबा मंडळी बरीच भेटतात, आणि त्यांना खरं सांगताना वाईट वाटतं.

बाबांचं जास्त निकडीचं आहे. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला नजर अगदी स्वच्छ असते, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. नुकसान मात्र आत चालूच असतं. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. तक्रार असो वा नसो. वेळेत सापडलं तर लेझर, इंजेक्शनं असे उपाय आहेत.

दवाखान्यात गेल्यावर नुसता नंबर काढून परत येऊ नका. दोघांच्याही तीन गोष्टी झाल्या पाहिजेत: प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी नजर, डोळ्यातला दाब, आणि बाहुली मोठी करून पडदा आणि डोळ्यामागची नस. थेंबांनंतर चारेक तास ऊन सहन होत नाही, जवळचं पुसट दिसतं. त्यामुळे सोबत कोणीतरी हवंच, आणि बाबांनी त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही.

कोकम_आगळ
निवळीताई, धन्यवाद. आजोबांचं पुढे वर्षभरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आता त्याचा अर्थ लागला.

तिर्फळ
आमची आजी, मालवणची. 'माका बरा दिसता, माका खंय नेव नको' ह्याच तिचा म्हणणा. (बाकी मराठीत लिहितो, नाहीतर मालवणीत सुरू झालो की थांबणार नाही.)

घरातली माणसं फसतात कारण म्हातारी माणसं हाताने बघायला शिकतात. आजी तांदूळ निवडायला बसली की खडे बोटांनी शोधायची. पूर्वी ताट उजेडाकडे तिरपं धरून बघायची, ते बंद झालं होतं. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवायची, चटका बसला की थांबायची. बांगड्याचे काटे आधी झरझर काढायची, ती हळूहळू मासेच नको म्हणायला लागली. आम्हाला वाटलं वयामुळे तोंडाची चव गेली. पन्नास पावलांवरच्या देवळातली संध्याकाळची आरती तिने सोडली तेव्हा माझ्या बहिणीच्या डोक्यात प्रकाश पडला की काळोखात तिला पायऱ्या दिसत नाहीत.

तेव्हा 'दिसतं का' असं विचारू नका. त्या काय करायच्या थांबल्या आहेत ते बघा.

सुरंगीचा_वळेसर
तिर्फळ, शेवटच्या ओळीला शंभरदा अनुमोदन. माझ्या मावशीने वळेसर गुंफायचे सोडले तेव्हा आम्ही असंच 'आता कंटाळा येत असेल' म्हटलं होतं.

घाटावरची_सून
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालं. वीसेक मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य: "अगो, ही भिंत पांढरी आहे?" वर्षानुवर्षं त्यांना ती पिवळसर दिसत होती. निळं लुगडं त्या काळं समजून नेसत होत्या. आणि मग घरभर जळमटं दिसायला लागली. दोन दिवस केरसुणी घेऊन माझ्या मागे होत्या. 😊

ओहोटी, एक गोष्ट लक्षात ठेवा. एका डोळ्याचं झालं की एक-एक डोळा झाकून पांढरी चादर बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांतला फरक त्यांना स्वतःलाच दिसतो, मग दुसऱ्या डोळ्यासाठी समजूत घालावी लागत नाही.

दर्यावर्दी
मी हर्णैचा. घरात तीन पिढ्या मच्छीमारी. आमच्याकडे मोतीबिंदू तर आहेच, पण आणखी एक दुखणं घरोघर दिसतं. नाकाच्या बाजूने, पांढऱ्या भागावर मांस वाढतं आणि हळूहळू काळ्या भागाकडे सरकतं. काकांचं तर बाहुलीपर्यंत आलं होतं, काढून घ्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले ऊन, वारा आणि खारं पाणी. पण दर्यात जायचं तर ऊन-वारा टाळणार कसा? निवळीताई, याला काही उपाय आहे का?

निवळी
दर्यावर्दी, त्याला टेरिजियम म्हणतात. मुख्य कारण उन्हातले अतिनील किरण. होडीत ते वरूनही येतात आणि पाण्यावरून परतूनही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. त्यामुळे नुसती टोपी पुरत नाही. रुंद काठाची टोपी आणि बाजूने झाकणारा गॉगल, दोन्ही हवं. गॉगलवर 'यूव्ही ४००' लिहिलेलं बघून घ्या. जत्रेत मिळणारी नुसती काळी काच उलट त्रास देते. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर जास्त किरण आत जातात. पारदर्शक काचेवरही हे संरक्षण मिळतं, रंगाचा संबंध नाही.

मांस लहान असेल तर ते काढायची घाई नको, वर्षातून एकदा बघून घ्यावं. बाहुलीकडे सरकायला लागलं किंवा नंबर बदलायला लागला तर काढतात. तुमच्या घरातली जी मुलं आता होडीवर जायला लागली आहेत त्यांना आजपासून गॉगल लावायला सांगा. हे ऊन तरुणपणापासून साठत जातं.

दर्यावर्दी
सांगतो. भाचा गॉगल लावतो, पण फक्त फोटो काढताना. आता होडीवरही लावायला लावतो.

अनुस्कुरा
मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला कशाला टेबलावर घ्यायचं? मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये असं आमच्या घरी जुने लोक सांगायचे. आणि काढायचाच तर थंडीत काढावा, उन्हाळ्या-पावसाळ्यात जखम चिघळते. माणूस घरात वावरतोय, जेवतोय, देवपूजा करतोय. तेवढं दिसलं की पुरे नाही का?

सांजवात
अनुस्कुरा, पुरे नाही. मनापासून सांगते.

माझी आई घरात उत्तम वावरत होती, कारण घर तिच्या पायाला पाठ होतं. जुलैतल्या एका संध्याकाळी पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकला. जांभ्याची पायरी, वर शेवाळ, आणि पायरीची कड तिला दिसलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत नीट चालली नाही. त्यानंतरचं तिचं सगळं आयुष्य माजघरातल्या कॉटवर गेलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि तो काढायला वीस मिनिटं लागली असती. वय झालंय म्हणून डोळ्याचं नको म्हणणारे सगळे नातेवाईक खुब्याच्या ऑपरेशनला मात्र 'करायलाच हवं' म्हणाले. तेव्हा तिचं वय कमी झालं नव्हतं.

देवपूजा करण्यापुरतं दिसतं हे ठरवणारे आपण कोण? तिला अंगणात शेणसडा घालायचा होता, नातवाचं तोंड बघायचं होतं.

निवळी
सांजवात, वाचून गलबलून आलं.

अनुस्कुरा, तुमच्या घरचे जुने लोक त्यांच्या काळापुरते बरोबर होते. पूर्वी अख्खं भिंग एका तुकड्यात बाहेर काढत, मोठी चीर, टाके, कित्येक दिवस उताणं पडून राहणं. भिंग पिकलेलं असलं की काढायला सोपं जायचं. आता फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. त्यासाठी ते फार कडक झालेलं नसलेलंच बरं. जास्त पिकवत ठेवलं तर ऑपरेशन अवघड होतं. कधी कधी पिकलेलं भिंग आत झिरपून दाब वाढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो. म्हणून आता पिकण्याची वाट बघत नाहीत. रोजच्या कामात अडायला लागलं की काढायचं. ऋतूचाही संबंध उरलेला नाही. पावसाळ्यात फक्त येण्या-जाण्याचं आणि घाणेरडं पाणी डोळ्यात न जाण्याचं बघावं लागतं.

बहुतेकांना नुसत्या थेंबांनी किंवा छोट्या इंजेक्शनने डोळा बधिर करतात, पूर्ण भूल देत नाहीत. पंच्याऐंशीच्या पुढची माणसंही नीट बरी होतात. खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६पासून आहे, सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं.

अनुस्कुरा
पटलं. आईला दाखवतो. सांजवातताई, माझ्या लिहिण्याने तुम्हाला दुखावलं असेल तर क्षमस्व.

कोकम_आगळ
थोडं अवांतर. पूर्वी भिंग काढल्यावर आत दुसरं बसवत नसत, म्हणून जुन्या फोटोंतल्या आजोबांना ते जाडजूड भिंगांचे चष्मे. आतलं कृत्रिम भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाची काच फुटून वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे घुसायचे. त्या प्लॅस्टिकच्या काचेला डोळा विरोध करत नाही, हे त्यांनी हेरलं. सुरुवातीला बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांच्यावर खूप टीका केली. म्हातारपणी त्यांना स्वतःला तसंच भिंग बसवलं गेलं आणि २००० साली 'सर' ही पदवी मिळाली. मला ही गोष्ट फार आवडते.

आगरातला
सगळं मोतीबिंदूवर चाललंय. मला काचबिंदूबद्दल लिहायचं आहे, कारण तो आमच्या घरात आहे आणि त्यात गेलेलं परत येत नाही.

वडील गुहागरला, नारळी-पोफळीचं आगर. ते माडाच्या बुंध्याला, गडग्याला एकाच बाजूने धडकायला लागले. डाव्या खांद्याला कायम खरचटलेलं. आम्हाला वाटलं तोल जातो. समोरचं त्यांना छान दिसायचं, दोरीच्या गाठी मारायचे, मोबाईलवरचे आकडे वाचायचे. भाच्याच्या चष्म्यासाठी दवाखान्यात गेले होते, तिथे सहज तपासून घेतलं आणि कळलं की डाव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ गेली आहे. उजव्याचीही जायला लागली होती.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. डोळ्यात एक पाणी सतत तयार होतं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून निचरून जातं. आगरात पाटाचं तोंड पाचोळ्याने तुंबलं की पाणी मागे चढतं, तसा इथे दाब चढतो आणि मागच्या नसेचे धागे मरत जातात. साधारण १० ते २१ हा दाब नेहमीचा धरतात. पण काहींची नस त्यातही खराब होते. म्हणून दाब मोजला तरी नस बघावीच लागते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं, इथे वाळलेली नस परत जिवंत होत नाही. उरलेलं टिकवायचं, एवढंच.

आई-वडील किंवा भावंडं यांच्यापैकी कोणाला असेल तर बाकीच्यांना धोका कित्येक पटींनी जास्त. आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं. मधल्या आत्याला सापडला, तिला काहीही त्रास नव्हता. आता ती थेंब घालते आणि तिची नजर आहे तशी आहे. वडिलांनी घातलेल्या खेपेचा हा फायदा झाला.

ओहोटी
आगरातला, हे वाचून अंगावर काटा आला. बाबा गाडी रिव्हर्स घेताना नेहमी डावीकडे घासतात. त्यांचा दाब आणि नस बघायला सांगणारच.

सुरंगीचा_वळेसर
थेंबांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे ते रोजचं काम आहे. काचबिंदूचे थेंब जन्मभर, रोज, ठरलेल्या वेळी. 'डोळा बरा वाटतो' म्हणून मावशीने ते मध्येच सोडले होते. बरा वाटणारच, दुखत कुठे होता?

घालायची रीत: हात धुवायचे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, त्यात एकच थेंब. दोन-तीन घातले तर गालावरून वाहून जातात, बाटली लवकर संपते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. त्याने औषध घशात आणि रक्तात कमी जातं. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही आणि उघडल्याची तारीख वर लिहायची. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिन्याने टाकून द्यायच्या असतात.

आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. टिमोलॉल नावाचे थेंब दम्याच्या माणसाला धाप लावू शकतात.

निवळी
फार मोलाचं लिहिलंत. त्यात एक भर घालते. मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे थेंब' मागून घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. आठवडेच्या आठवडे घातलं तर त्यानेच दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होतो. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तेव्हा उरलेल्या बाटल्या लोकांच्या फडताळात अजून आहेत. त्या टाकून द्या.

तिर्फळ
काचबिंदूचा एक दुखणारा प्रकारही असतो ना? आमच्या शेजारच्या काकींना रात्री कपाळ फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. घरच्यांना वाटलं पित्त. सकाळपर्यंत आल्याचा रस देत बसले.

निवळी
हो, त्यात निचऱ्याचा कोपरा एकदम बंद होतो. आशियाई लोकांत, विशेषतः बायकांत, जास्त आढळतो. लाल डोळा, भयंकर दुखणं, उलट्या आणि पुसट नजर एकत्र आलं की पित्त समजू नका. सकाळची वाट बघायची नाही.

तसंच अचानक विजा चमकल्यासारख्या दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, किंवा बाजूने काळा पडदा सरकत येणं. डोळ्याच्या मागचा पडदा सुटत असण्याची ही खूण. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

दर्यावर्दी
कोणी मधाबद्दल बोललं नाही. आजी डोळ्यात शुद्ध मध घालायची, जळजळ व्हायची, पाणी यायचं आणि डोळा स्वच्छ वाटायचा. एरंडेलाचंही ऐकलंय.

आगरातला
दर्यावर्दी, ते करू नका. आमच्या वाडीत भातझोडणीच्या दिवसांत एकाच्या डोळ्याला लोंबी लागली. त्याने मध घातला, मग कोणी बाळंतिणीचं दूध सांगितलं, मग मेडिकलचे थेंब. आठवड्याने बुबुळावर पांढरा डाग. बुरशीचा संसर्ग झाला होता. महिनोन्‌महिने औषध चाललं, डोळा वाचला पण डाग राहिला.

निवळी
कोकणात झोडणी-मळणीच्या हंगामात हे सतत होतं. लोंबी, पात, काटकी यांनी बुबुळाला खरवडलं की बुरशी आत जाते. स्टेरॉईडचे थेंब तिला मोकळं रान देतात. काही लागलं तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. झोडणीला साधा पारदर्शक गॉगल लावा. काजूची बी भाजताना, फोडताना तर नक्की, सालीतलं तेल उडालं तर डोळा भाजतो.

विड्याचा चुना डोळ्यात गेला तर दवाखान्यात निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहायचं. आधी पाणी, मग एसटी. रुईच्या चिकाचंही तसंच. तो फारसा दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुरकट दिसतं.

घाटावरची_सून
खाण्याने खरंच फरक पडतो का? शेवगा, पपई, मासे... कोकम_आगळ यांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं.

निवळी
पालेभाज्या, पिकलेला आंबा, पपई, मासे, सगळं खावं. डोळ्याला आणि शरीराला चांगलंच. मात्र त्याने आलेला मोतीबिंदू जात नाही. वयानुसार पडद्याचा मधला भाग झिजतो त्या आजाराच्या काही टप्प्यांत ठरावीक जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून २००१ साली ते पुढे आलं आणि २०१३मध्ये त्यात सुधारणा झाली. त्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्यालाच, सगळ्यांनी घ्यायच्या नाहीत. हा आजार वाढवणारी खरी गोष्ट म्हणजे बिडी-सिगारेट. ती सोडली तर गोळ्यांपेक्षा जास्त फायदा.

घरी बघायचं तर हे करा: एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघायला सांगा, मग दुसरा. गज वाकडे दिसले किंवा मधला तुकडा गायब वाटला तर दाखवून या. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम झाकून टाकतो.

सांजवात
एक नाजूक गोष्ट विचारू का? माझ्या एका नातलग आजींना, नजर फार कमी झाल्यावर, परसदारी लहान लहान माणसं दिसायची. रंगीत कपड्यांतली, गप्प उभी. त्या अजिबात भ्रमिष्ट नव्हत्या. घरच्यांनी देवस्की काढली, गाऱ्हाणं घातलं. त्या बिचाऱ्या शेवटी सांगायच्याच बंद झाल्या. हे डोळ्याचंच असेल का?

निवळी
असू शकतं. नजर खूप कमी झाली की मेंदू रिकाम्या जागेत स्वतःच चित्रं तयार करतो: माणसं, फुलं, नक्षी. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. माणूस शहाणाच असतो आणि दिसतंय ते खरं नाही हेही बऱ्याचदा त्याला समजतं. वेड नाही, बाधाही नाही. आधी डोळे तपासायचे, कारण मोतीबिंदूमुळे असेल तर ऑपरेशननंतर थांबतंही. गाऱ्हाणं घालून घरच्यांच्या मनाला धीर येत असेल तर जरूर घालावं, पण डॉक्टरकडेही न्यावं. मुख्य म्हणजे त्या माणसाला सांगू द्यावं, कोणी घाबरवू नये.

सांजवात
त्या आजी आता नाहीत. हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

ओहोटी
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. ठरलं ते सांगते. गणपतीत घरी जातेय, तेव्हा दवाखान्यांना सुट्ट्या आणि गाड्यांना गर्दी. म्हणून गौरी-गणपती विसर्जनानंतर चार दिवस जास्त राहणार. दोघांना वेगवेगळ्या दिवशी नेणार, म्हणजे एकाची बाहुली मोठी केलेली असताना दुसरं माणूस घर बघेल. आईला 'तुझी पुण्याई गेली' असं वाटू नये म्हणून तिला घाटावरची_सून यांच्या सासूबाईंची भिंत सांगितली फोनवर. ती लगेच म्हणाली, मग माझीही निळी लुगडी बघायला हवीत!

अजून एक प्रश्न. बाबा प्रोस्टेटची गोळी घेतात आणि रक्त पातळ होण्याचीही. ऑपरेशनची वेळ आली तर?

निवळी
बरं झालं विचारलंत. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारी ठेवतो. आधी घेत होते आणि आता बंद केली असेल तरीही सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, बऱ्याचदा ती चालू ठेवूनच मोतीबिंदू काढतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं लिहून नेण्यापेक्षा ते बरं.

घाटावरची_सून
आणि ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी परत धुरकट दिसलं तर 'मोतीबिंदू परत आला' म्हणून घाबरू नका. बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते. सासऱ्यांचं झालं होतं. लेझरने काही मिनिटांत मोकळं केलं, चिरफाड नाही.

आगरातला
सांजवातताईंचं वाचल्यावर काल मी आमच्या पाखाडीच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पांढरा पट्टा मारला, ऑइल पेंटमध्ये मूठभर बारीक वाळू मिसळून, म्हणजे पावसात घसरणार नाही. त्याआधी शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडरने धुतलं. पडवीचा उंबरठाही रंगवला. न्हाणीघराच्या वाटेवर दिवा लावायचा राहिलाय, वायर आणायला आज शृंगारतळीला चाललोय.

दर्यावर्दी
वाळू चाळून घेतलीस ना? जाड राहिली तर अनवाणी पायाला टोचते.

आगरातला
मच्छरदाणीच्या जाळीतून चाळली. वडील अनवाणीच उतरले, काही बोलले नाहीत.